एकशे एकतीस ते एकशे पंचावन्न

"सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात," शशी म्हणाला, "आणि आपण तीन नंबर कॅम्पात, कॉम्प्युटर क्लासला."

शेअर रिक्षात शेजारच्या माणसाचं जीन्सचं गाठोडं अर्धंअधिक त्याच्या मांडीवर आलं होतं. सकाळचे नऊ वाजले होते आणि शशी आत्ताच दमला होता. त्याची बहीण, नववीत जाणारी मीनल, रिक्षावाल्याला लवकर चला म्हणत होती. पलीकडे बाळी एक चिठ्ठी मुठीत घट्ट धरून बसली होती.

बाळीची आई चंद्री दर उन्हाळ्यात बारवी धरणाकडच्या पाड्यावरून करवंदं विकायला अंबरनाथला यांच्या दारी यायची. आज मात्र ती रिकाम्या हाताने आली होती. बाळी सातवी पास झाली. पाड्यावर पुढे शाळा नाही. बदलापूरच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर आठवी, नाहीतर दिवाळीनंतर आईबरोबर वीटभट्टी. अर्ज केलेला, शाळेतल्या गुरुजींनी दिलेल्या चिठ्ठीवर नंबर एकशे त्रेचाळीस. पण वसतिगृहाचे कारकून विष्णुपंत यांनी चंद्रीला तीन खेपांना एकच सांगितलं होतं : यादीत हा नंबर नाही, म्हणजे अर्ज आलेलाच नाही. आणि मुलाखतीला बोलवायच्या मुलींची यादी आज पाचला लागणार होती.

ती यादी अर्जांवरून टाइप केली होती मीनलने. ती जिथे शिकत होती त्या कॉम्प्युटर क्लासच्या लालचंदानी सरांनी वसतिगृहाचं काम घेतलं होतं, आणि "प्रॅक्टिकल हो जाएगा" म्हणून सगळे कागद हिच्यापुढे टाकले होते. एखादा कागद आपणच गाळला असला तर?

"पंधरा मिनट, बेटा," क्लासच्या दारातच सर म्हणाले. "दस बजे बॅच है."

एकशे त्रेचाळीस दाखव म्हणून कॉम्प्युटरला सांगण्यात अर्थ नव्हता. जे नाहीच, ते तो कुठून दाखवणार? म्हणून मीनलने आधी दुसरी यादी केली, नुसत्या आकड्यांची, एक ते तीनशे, म्हणजे शेवटच्या अर्जापर्यंत. मग हुकूम दिला : या यादीत आहेत पण अर्जांच्या यादीत नाहीत, असे नंबर काढ.

पडद्यावर आकडे उमटायला लागले. अठरा, एकोणीस. सदतीस, अडतीस. साठ, एकसष्ट. असे जोडीजोडीने बरेच. आणि मध्येच एकशे एकतीसपासून एकशे पंचावन्नपर्यंत सलग पंचवीस.

"एवढे गाळलेस तू?" शशीने विचारलं. मीनलला रडू यायला लागलं.

बाळी पडद्याजवळ सरकली. "हे पंचवीस आमचं. आमच्या आन् शेजारच्या पाड्यांवरल्या पोरींचं."

मीनलने डोळे पुसले. पंचवीस कागद सलग गाळायला माणूस झोपेतच पाहिजे. ती रोज दमायची, पण इतकी नाही. म्हणजे ते कागद तिच्यापर्यंत आलेच नव्हते.

बदलापूरला पोचेपर्यंत अकरा वाजले. अंबरनाथहून थेट इथे आलेली चंद्री वसतिगृहाच्या ऑफिसबाहेर पायरीवर बसली होती. आत विष्णुपंत आवक रजिस्टरवर हात ठेवून पेंगत होते. मीनलने आकड्यांचा कागद पुढे केला.

"या जोड्या होय? त्या मीच सोडतो," विष्णुपंत जांभई देत म्हणाले. "रोज संध्याकाळी दोन नंबर कोरे ठेवायचे. उद्या कुणा बड्या माणसाची चिठ्ठी आली, की अर्ज मागच्या तारखेत बसवता येतो. सगळीकडे असंच चालतं, बाळ."

"आणि हे पंचवीस?"

विष्णुपंतांनी चष्मा लावला. रजिस्टरची पानं उलटली. पूर्ण पान कोरं होतं.

"हे तर पाड्यावरच्या गुरुजींना दिलेले नंबर. त्यांनी अर्ज पाठवलेच नाहीत. कोरं पान दिसलं, मला वाटलं नेहमीचंच."

"फारम गुरुजींनी शाळंच्या पेटीत ठेवल्यात," बाळी म्हणाली. "म्हणलं, आफिसचा मानूस न्यायला येल."

"मी म्हटलं, ते पाठवतील," विष्णुपंत म्हणाले.

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "गुरुजी सुट्टीवर गेले असतील. आता पुढच्या वर्षी बघू."

"पुढल्या वर्साला ती भट्टीवर असंल," चंद्री दारातून म्हणाली. ती आत येऊन बसली, नेमकी नोटीस बोर्डासमोर. "पोरांनू, तुमी जावा. मी हितून हलत नाय."

तिघं पाड्याकडे निघाली, जीपने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली खडी. शशीने महाबळेश्वरचं नाव पुन्हा काढलं नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती. शाळेला कुलूप. किल्ली झाडलोट करणाऱ्या कौसाबाईकडे, आणि कौसाबाई धुणं घेऊन ओढ्यावर. म्हणजे चढलेलं सगळं पुन्हा उतरायचं. मीनल एका दगडावर बसली आणि म्हणाली, "मला आता उठवत नाही." बाळीने तिला हात दिला नाही, की समजूतही काढली नाही. ती एकटीच पळत गेली आणि किल्ली घेऊन पळत आली.

पत्र्याच्या पेटीत, हजेरीपटांखाली, सुतळीने बांधलेले पंचवीस अर्ज होते.

पाचला दहा मिनिटं असताना तिघं ऑफिसात शिरली. यादीची टाचणी विष्णुपंतांच्या हातात होती आणि चंद्री बोर्डाला पाठ लावून उभी होती. तो सगळा तमाशा ऐकून वसतिगृहाच्या प्रमुख मालिनीबाई बाहेर आल्या होत्या, आणि कोऱ्या जोड्यांचं चंद्रीने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मीनलचा कागद वाचला, मग रजिस्टरचं कोरं पान.

"विष्णुपंत, आठ वर्षं तुम्ही मोठ्यांसाठी जागा राखताय, आणि ज्यांच्यासाठी वसतिगृह काढलं त्या मुलींचं पान तुम्हाला कोरं दिसतं? यादी आज लागणार नाही. हे पंचवीस आधी चढवा."

विष्णुपंतांनी मान खाली घालून दौत पुढे ओढली.

"शाबास, पोरी," मालिनीबाई मीनलला म्हणाल्या. "नसलेलं शोधायला डोकं लागतं." मीनलला आनंद झाला, पण पाय इतके दुखत होते की नीट हसताही येईना.

मालिनीबाई अर्ज चाळू लागल्या. पाच-सहा उलटल्यावर त्यांचा हात थबकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"सगळ्यांचं अक्षर एकच कसं? हे लिहिले कुणी?"

बाळी घाबरली. "मीच लिवलं. गुरुजी म्हणलं, तुजं अक्षर बरं हाये. बाकीच्या पोरींना फारम समजंना."

"पंचवीसच्या पंचवीस?"

"नंबर आदीच वाटल्यालं, पन माजा फारम शेवटी लिवला. शाई संपत आली व्हती."

मालिनीबाईंनी एकशे त्रेचाळीस नंबरचा अर्ज गठ्ठ्यातून काढला. त्यावरची अक्षरं खरंच फिकट होती. त्यांनी तो टेबलावर वेगळा ठेवला.

"चंद्रीबाई," त्या म्हणाल्या, "मुलाखत बाकीच्या मुलींची होईल. हिला जूनमध्ये थेट राहायलाच घेऊन या."

चंद्रीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती तिथेच फरशीवर बसली, आणि बाळी तिच्या शेजारी.