पाय पसरण्यापुरती जागा

विमानतळावरच्या काऊंटरसमोर, रांगेतल्या पस्तीस-चाळीस माणसांच्या देखत, तिने एका अनोळखी माणसाला विचारलं, ‘तिथे बसल्यावर तुमचे पाय तरी टेकतील का जमिनीला?’

विचारलं आणि तिची तीच हबकली. एरवी ती अशी नव्हती. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या वासलेल्या तोंडात वाकून बघायचं आणि मऊ आवाजात त्यांना धीर द्यायचा, हे तिचं काम. पण तिची उंची होती सहा फूट एक इंच. धाकट्या भावाने तिचं नावच ‘शिडी’ ठेवलं होतं. ताईला पहिलं बाळ झालं होतं, ताईचं गाव चौदा तासांवर, आणि हातात एक्केचाळिसाव्या रांगेतली मधली जागा. मागच्या खेपेला अशाच जागेवरून उतरल्यावर तिला अर्धा तास धड चालता आलं नव्हतं. म्हणून ती मुद्दाम लवकर आली होती, पहिल्या रांगेतली जागा मागायला. तिथे पुढे नुसती भिंत असते, पाय लांब करता येतात. तशी एकच जागा उरली होती, आणि ती तिच्या पुढच्या माणसाने घेतली. तो तर तिच्या खांद्याला जेमतेम लागत होता.

काऊंटरवरची बाई काहीतरी सांगायला गेली, पण त्याने तिला हातानेच थांबवलं. त्याचे कान लाल झाले होते.

‘टेकतील... बहुतेक,’ एवढंच म्हणून तो सामानाची गाडी ढकलत हळूहळू निघून गेला.

विमान सकाळचं होतं. तिच्या डाव्या हाताला एक आजोबा बसल्या बसल्या झोपले. समोरच्याने पाठ मागे टेकवली आणि तिच्या गुडघ्यातली कळ थेट कमरेत गेली. पाय तिरके केले तर आजोबांना लागत, सरळ केले तर लोखंडाला. दोन तासांत ती रडकुंडीला आली. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन थांबलं. बघते तर तोच.

खुर्च्यांच्या पाठींना धरून तो वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, दोन तास तुम्ही माझ्या जागेवर बसा, मग दोन तास मी. असं उतरेपर्यंत. चालेल?

ज्याला चारचौघांत घालूनपाडून बोललो, तो माणूस आपण होऊन... ती ‘नको’ म्हणणार होती, पण गुडघे आधीच उठले होते.

पहिल्या रांगेत तिने पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेजारच्या कप्प्यात एक वर्तमानपत्र दिसलं, शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं. तिने चार शब्द भरले आणि समासात लिहिलं: ‘आडवा सात चुकलाय.’

दोन तासांनी तो आला. अरुंद वाटेत दोघं एकमेकांना जागा देत वळले. त्याच्या सदऱ्याला ओल्या लाकडासारखा वास होता. ती आपल्या जागेवर परतली. तिथलं पांघरूण तिने ठेवलं होतं तसंच, घडीही न मोडलेलं. किती टापटिपीचा माणूस, तिला वाटलं.

पुढच्या पाळीला कोड्यावर उत्तर होतं: ‘तुमची उंची बघता यापुढे उभे शब्द तुमचे, आडवे माझे.’

दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर तिच्या डोक्यात तिडीक गेली असती. उंचीवरून तिने काय काय ऐकलं नव्हतं? एका स्थळाने तर फोटो बघूनच निरोप पाठवला होता, मुलीला बसलेलीच दाखवा. पण आता ती पेन दाताखाली धरून हसत होती, आणि आपण हसतोय हे लक्षात आल्यावर पुन्हा चकित झाली.

सातव्या तासाला ती पाय मोकळे करायला उठली. पुढचं स्वच्छतागृह रिकामं नव्हतं, म्हणून मागे गेली. जाताना सहज आपल्या रांगेकडे नजर टाकली, तर मधली खुर्ची रिकामी.

तो अगदी शेवटी, जिथे जेवणाचे ट्रे ठेवतात तिथे उभा होता. एक पाय काठीसारखा ताठ. हात भिंतीवरच्या दांड्याला. तिला पाहताच तो हसला, पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. दुखतंय का विचारलं की सगळेच नाही म्हणतात. खरं काय ते हात सांगतात, हे ती रोज बघत होती. त्याच्या बोटांची पेरं पांढरीफटक पडली होती.

‘यांना सांगून मी थकले,’ हवाईसुंदरी म्हणाली. ‘गुडघ्यात सळई आहे, वाकत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुढची जागा मिळाली, ती तुम्हाला देतात आणि इथे उभे राहतात.’

तिच्या पायांखालून कुणी जमीन काढून घ्यावी तसं झालं. जमीन तर तशीही मैलोगणती खाली होती.

त्याने तुटक तुटक सांगितलं. तो झाडं छाटणारा. दोर बांधून उंच झाडांवर चढायचं, वाळलेल्या फांद्या उतरवायच्या. आठ महिन्यांपूर्वी एक फांदी मोडली ती त्याला घेऊनच. आता ताईच्याच गावातल्या मोठ्या रुग्णालयात, त्याने नावही सांगितलं, शस्त्रक्रिया होती, आणि पुन्हा झाडावर चढता येईल की नाही, ते त्यानंतर कळणार होतं.

‘मला सांगितलं का नाही?’ तिने विचारलं.

‘तुम्ही इतक्या रागावला होतात... आणि तुमचं खोटंही नव्हतं. मी मागे येऊन बघितलं, तुमचे पाय कुठेच मावत नव्हते. पहिल्या वेळी खरंच तेवढ्यासाठी आलो. नंतर मात्र... दर दोन तासांनी तुम्ही भेटणार म्हणून.’

तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला पहिल्या रांगेपर्यंत नेलं, बसवलं, आणि परत एक्केचाळिसाव्या रांगेत जाऊन बसली. उरलेले सात तास कळा येतच होत्या, पण तिला राग येत होता तो फक्त स्वतःचा. हवाईसुंदरी मधूनमधून शब्दकोडं इकडून तिकडे नेत होती, आणि समासात जागा उरली नव्हती.

विमान उतरलं. त्याला चाकाच्या खुर्चीतून आधी नेलं. ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो गर्दीत दिसेनासा झाला होता. त्याचा नंबरही तिने घेतला नव्हता.

बाळाला मांडीवर घेऊन तिने ताईला सगळं सांगितलं. ताई ऐकतच राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, रुग्णालयाचं नाव माहीत आहे ना, मग माझ्या उशाशी काय बसलीयेस?

चौथ्या दिवशी ती गेली. पायाला भलंमोठं प्लॅस्टर, तो खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत पडलेला. तिला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि परिचारिकेची बोलणी खाल्ली.

गुडघा वाकेल, त्याने सांगितलं. चालता येईल, जिनेही चढता येतील. पण दोर बांधून झाडावर चढणं संपलं. हे तो अगदी साध्या आवाजात बोलला. रडू तिला आलं, आणि तेही असं की शेजारच्या खाटेवरचा रुग्ण वळून बघायला लागला. तिने रुमाल शोधला, सापडला नाही, त्याने चादरीचं टोक पुढे केलं.

‘रोपं लावायला तर जमिनीवरच बसावं लागतं,’ तो म्हणाला. ‘ते शिकेन म्हणतोय. मला त्याचं एवढं वाटत नाहीये. मला दुसरंच एक वाटतंय.’

‘काय?’

तो बराच वेळ चादरीची शिवण चाचपत राहिला.

‘विमानात मी तुमच्या वाटेकडे डोळे लावून होतो. तुमच्या आधी उठायचो, तुमच्यानंतर बसायचो. तुम्ही सोडलेल्या खुर्चीची ऊब मला ठाऊक आहे...’ त्याचे कान पुन्हा लाल झाले. ‘पण शेजारी आपण एकदाही बसलो नाही. मला तुमच्या शेजारी बसायचंय. आजच्यापुरतं नाही म्हणत मी.’

आपण या क्षणाची वाट बघत होतो, हे तिला आत्ताच कळत होतं. कुठेही गेलं की आधी पोक काढून, अंग चोरून, आपल्याला कमी जागा लागते असं दाखवायची तिची सवय होती. आता तिने पाठ सरळ केली.

खाट अरुंद होती. तिने चपला काढल्या.

‘सरका थोडं,’ ती म्हणाली.