पाठमोरी

घर बदललं त्या दिवशी भांडी, गाद्या, कपड्यांची बोचकी सगळं दाराशी पडलेलं होतं, आणि मी आधी माझं टेबल कुठे ठेवायचं ते बघत फिरत होते. नवरा हसला. "लोक आधी स्वयंपाकघर बघतात," म्हणाला.

माझं काम घरबसल्या टायपिंगचं. एक्स-रे बघून डॉक्टर जे बोलतात त्याचं रेकॉर्डिंग मला येतं. हेडफोन लावून ते ऐकायचं, रिपोर्ट टाइप करायचा, परत पाठवायचा. जुन्या घरात हे जेवणाच्या टेबलावर चालायचं. एका बाजूला मिक्सर, दुसऱ्या बाजूला मुंगी. मुंगी म्हणजे आमची लेक. सदा साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची, म्हणून मुंगी. त्या गोंधळात मी फासळीच्या जागी फुप्फुस लिहून बसायची, मग चुका निस्तरण्यात दुपार जायची आणि सगळी चिडचिड त्या पोरीवर निघायची. त्यामुळे नव्या घरात मागची ती छोटी खोली दिसली तेव्हा मी हरखूनच गेले.

खिडकी एकच, उंचावर, शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा, राखेच्या रंगाचा. पाण्यात राहिलेल्या लोखंडाला येतो तसा एक बारीक वास होता, पण खिडकी उघडी ठेवली की जाईल असं वाटलं. टेबल भिंतीला लावलं. बसलं की दाराकडे पाठ व्हायची.

काय सांगू तुम्हाला, कामाला नुसता वेग आला. दार लोटलं की बाहेरचं जग बंद. बोटं आपोआप चालायची. डॉक्टरांचा फोन आला, "अहो, एकही चूक नाही हल्ली. काय जादू केलीत?" मी म्हटलं, "स्वतंत्र खोली मिळाली, डॉक्टर."

पण खोलीतून बाहेर आले की बराच वेळ माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. भूक लागायची नाही. मुंगी शाळेतली गंमत सांगायची, आणि कुठे हसायचं ते मला कळायचं नाही. आधी वाटलं, मन शांत झालंय. मग लक्षात आलं, शांत नव्हे, रिकामं झालंय. कुणीतरी चमच्याने खरवडून काढावं तसं.

"काम उरकतंय ना?" मी नवऱ्याला म्हणायची.

"काम उरकतंय गं. पण तू कुठे असतेस?"

एका दुपारी शाळेतून फोन आला, मुंगीला ताप भरलाय. हातातलं तसंच टाकून मी धावले. रेकॉर्डिंगं सगळी पडून होती, एकही ऐकलं नव्हतं. तिला कडेवर घेऊन परत आले तर नवरा घरी. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. जवळच काम निघालं म्हणून जेवायला आला होता. आम्ही दारातून आत शिरलो आणि त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"तू... बाहेरून आलीस?"

"शाळेतून. हिला ताप आलाय. का रे?"

त्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मघापासून तू आत टाइप करते आहेस. मी दारातून विचारलं, जेवलीस का. पाठमोरीच होतीस. मान हलवलीस... नाही म्हणून."

आम्ही दोघं गेलो. खुर्ची रिकामी होती. आणि सकाळची सगळी रेकॉर्डिंगं टाइप होऊन पडली होती. मी एक लावून ऐकलं. शब्दाला शब्द बरोबर. कानाला लागलेला हेडफोन इतका गार होता की मी तो काढून टाकला.

त्याच दिवशी टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर, सगळं आम्ही हॉलमध्ये आणलं आणि त्या रिकाम्या खोलीला कुलूप घातलं. भाड्याचा करार नुकताच झालेला, लगेच कुठे जाणार? "एक खोली नाही वापरली तर काही बिघडत नाही," नवरा म्हणाला. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मुंगी तापामुळे घरीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये काम करत बसले होते. एक रिपोर्ट संपला म्हणून हेडफोन काढला, तर तिचं हळू आवाजात बोलणं ऐकू आलं. मागच्या खोलीच्या दाराशी फरशीवर पालथी पडून ती दाराखालच्या फटीशी तोंड नेऊन बोलत होती.

"मुंगे, कुणाशी बोलतेस?"

"तुझ्याशी."

"मी तर इकडे आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. "तू हॉलमधली. मी आतल्या आईशी बोलते. ती ओरडत नाही."

मी जवळ गेले, खाली बसले. "काय... काय म्हणते ती?"

"किल्ली कुठे ठेवलीय, विचारते."

"तू सांगितलंस?"

मुंगीने मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही. कारण तेवढ्यात आतून आवाज सुरू झाला. की-बोर्डचा. त्या खोलीत टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, काहीच नव्हतं. तरी आत कुणीतरी टाइप करत होतं, एकसारखं, न थांबता. स्पेस दाबताना माझा अंगठा जरा जोरात पडतो. आतही तसाच पडत होता.

मी पोरीला उचललं आणि अनवाणीच जिना उतरले. पुन्हा त्या घरात पाऊल ठेवलं नाही. नणंदेकडे राहिलो. सामान नवऱ्याने कामावरच्या माणसांना घेऊन आणलं. अनामत रक्कम बुडाली, पण ती मागायलाही आम्ही गेलो नाही.

मग हे घर मिळालं. मोठ्या रस्त्यावरचं, गजबजलेलं. माझं टेबल हॉलमध्ये, दाराकडे तोंड करून. पुन्हा चुका होतात, पुन्हा काम रेंगाळतं, डॉक्टर कुरकुरतात. पण मी जेवते, हसते. परवा मुंगीवर ओरडलेसुद्धा, आणि नवरा म्हणाला, "आलीस गं बाई घरी!"

मुंगी शाळेतून आली की आतल्या खोलीत एकटीच झोपते. दुपारी मी कामात असते, मला तिच्याजवळ जायला होत नाही. काल मात्र रेकॉर्डिंगच आलं नाही. म्हटलं चला, इथे आल्यापासून एकदाही हिला दुपारी थोपटलं नाही. तिच्याशेजारी जाऊन पडले, कपाळावरून हात फिरवला. अर्धवट झोपेत तिने माझा हात धरला, गालाशी नेला, आणि डोळे न उघडता म्हणाली,

"आई... आज तुझा हात गरम कसा गं?"