शनीपलीकडचा सहावा सीझन

कंपनीची बस मोशीच्या चौकात अडकली होती, आणि नेमकी तेव्हाच दीक्षाच्या इअरफोनची बॅटरी संपली. तिला ते कळलंच नाही. मोबाईलमधून कप्तान अरुंधतीचा आवाज अख्ख्या बसमध्ये घुमला — "मी मेले नव्हते! मी काळाच्या पलीकडे थांबले होते!"

पुढच्या सीटांवरच्या माना वळल्या. दीक्षाने घाईघाईने आवाज बंद केला आणि न राहवून पुटपुटली, "थांबली होती म्हणे... बसस्टॉप आहे का तो?"

शेजारी कोणीतरी हसलं.

"सहावा सीझन ना?" तो म्हणाला. "चांगला आहे."

दीक्षाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने रिजेक्ट मालावर ओकेचा शिक्का मारला होता.

ती चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती. पण तिची खरी ओळख वेगळीच. 'शनीपलीकडे' ही मोबाईलवर येणारी मराठी विज्ञानमालिका तिने कॉलेजात असताना पहिल्या भागापासून पाहिली होती. शनीच्या पुढे गेलेलं एक यान, त्यातली मोजकी माणसं, आणि मोजून प्यायचं पाणी. पहिल्या चार सीझनवर तिचा जीव होता. पाचव्यापासून मालिका घसरली, आणि दीक्षाने चॅनेल सुरू करून दर रविवारी तिची साल काढायला सुरुवात केली. बघणारे बरेच होते. चिडून बोलताना ती फार छान दिसते, असंही कोणीतरी खाली लिहायचं. त्याने ती आणखी चिडायची.

"चांगला?" ती म्हणाली. "अहो, नाव शनीपलीकडे, आणि अख्खा सीझन पृथ्वीवर! लेखकांनाच साडेसाती लागली होती की काय?"

"घरी आलीत माणसं. थोडं राहू द्या की त्यांना."

"आणि मेलेली परत येतात ते?"

"आपलं कोणी परत आलं तर आपण कारण विचारू का?" तो सहज म्हणाला. मग हात पुढे केला. "धम्मरत्न. मेंटेनन्सला आलोय, नवीन. तुमचे व्हिडिओ बघतो मी... म्हणजे, भांडायला."

गर्दी सुटली. बस हलली. इंद्रायणीवरचं धुकं अजून विरलं नव्हतं, आणि दीक्षाला उगीचच वाटलं, चौक अजून थोडा अडकायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो त्याच सीटवर होता. तिसऱ्या दिवशी तिने बॅग ठेवून जागा धरली — आणि बॅग चुकून राहिली असं दाखवलं.

"पहिल्या सीझनला पाणी मोजून," ती सुरू व्हायची. "सातव्यात यानात पोहायचा तलाव!"

"पगारवाढ झाली असेल."

"धम्मरत्न!"

"तुम्ही नाव घेऊन ओरडलात. आता 'तू' म्हणायला हरकत नाही."

ती खिडकीबाहेर बघत हसायची. काचेत तिला तो दिसायचा — तिच्याकडे बघणारा.

एक दिवस तीच म्हणाली, "चॅनेलवर ये. मी आरोप करते, तू बचाव कर."

"माझा पार भुगा करशील तू."

"करणारच."

रविवारी तो संत तुकाराम नगरला तिच्या घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. दीक्षाच्या आईने त्याला दोनदा चहा दिला, यावरून काय ते समजावं. कॅमेरा सुरू झाला तशी दीक्षा रंगात आली. तलाव, कट-कारस्थानं, परत येणारी माणसं... तो हसत हसत हरत होता.

"बरं, सहाव्यातली एक गोष्ट सांग," ती म्हणाली, "जी काढली असती तर वाईट झालं असतं."

"मुक्ताचे भाग." तो लगेच म्हणाला. "अपघातात तिची वाचा जाते आणि ती परत बोलायला शिकते, ते."

"ते? वेळकाढूपणाचा कळस! नुसतं आ... ऊ... करत तीन भाग. त्यात काय आवडलं तुला?"

तो थांबला. कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आवडले," तो म्हणाला. "बस."

"आवडले हा मुद्दा नाही होत."

"नाही होत," त्याने मान्य केलं, आणि नंतर फारसं बोललाच नाही.

तो गेल्यावर कप उचलत आई म्हणाली, "पोरगा शेवटी गप झाला गं. तू जिंकलीस म्हणून नाही. दुसरंच काही होतं."

दीक्षाने रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. तो थांबला होता तिथे त्याचा हात दुसऱ्या हाताची बोटं दाबत होता. तिने व्हिडिओ टाकलाच नाही.

सोमवारी तो पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे बसला होता. दीक्षा उठून त्याच्या शेजारी गेली.

"रागावलास?"

"नाही."

"मग सांग."

बस भोसरीतून जात होती. तो समोरच्या रस्त्याकडे बघत सावकाश बोलला. "आईला झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम यायच्या, ती तोंड फिरवायची. तेव्हा मी मोबाईल टीव्हीला जोडून सहावा सीझन लावायचो. मुक्ता शब्द जुळवायची आणि आई टक लावून बघायची. एका संध्याकाळी आई 'पाणी' म्हणाली. हे मला सगळ्यांसमोर मुद्दा म्हणून मांडायचं नव्हतं. एवढंच."

"मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकते," दीक्षा म्हणाली.

"कशाला? तुझे मुद्दे बरोबर आहेत. मालिका ताणलेलीच आहे."

"मग..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते तीन भाग काकूंबरोबर बघायला येऊ?"

त्या सकाळी त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं.

कासारवाडीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं, भरपूर उजेडाचं. कस्तुराबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, उजवा हात मांडीवर.

"जय भीम, काकू."

"जय... भीम," त्या म्हणाल्या. हसू तिरकं, पण भरघोस.

तिघं टीव्हीसमोर बसली. या खेपेला दीक्षाने चुका शोधल्या नाहीत, नुसतं पाहिलं. पडद्यावरची मुक्ता ओठ जुळवत होती. शब्द तोंडाशी येऊन परत जात होता, आणि तो परत गेलेला तिच्या डोळ्यांत दिसत होता. शेजारी धम्मरत्नचा श्वास जड झाला होता.

तेवढ्यात कस्तुराबाई म्हणाल्या, "बो...र."

दोघांनी वळून पाहिलं.

"लई... बोर हाय."

"आई!" धम्मरत्न उडालाच. "अगं, पण रोज तूच खुणा करून लावायला लावायचीस!"

कस्तुराबाईंनी डावा हात उचलला, टीव्हीकडे नाही, त्याच्याकडे केला. "तू... बसायचास. हे लावलं की." शब्द एकेक करून येत होते, आणि त्यांना घाई नव्हती. "न्हाईतर... उठून जायचास. रडायला. मोरीत."

खोलीत मुक्ता एकटीच बोलत राहिली.

धम्मरत्न आईच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. दीक्षाला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. ती उठून स्वयंपाकघरात गेली, विनाकारण पाण्याचा पेला भरला, आणि बऱ्याच वेळाने परत आली.

संध्याकाळी तो तिला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला निघाला. रस्त्यावर मक्याची कणसं भाजत होती. दोघं हळू चालत होती, जितकं हळू चालता येतं तितकं.

"ताणलेलंच आहे," दीक्षा म्हणाली. "पण त्या बाईचं काम खरं आहे. पुढच्या रविवारी हे सांगणार मी. काकूंचं काही नाही सांगणार."

"आणि सातवा सीझन?"

"भयंकर."

"भयंकरच आहे," तो म्हणाला. "मला पहिल्यापासून माहीत होतं."

ती थांबली. "मग महिनाभर बसमध्ये त्याच्या बाजूने का भांडलास?"

"मी 'हो' म्हणालो असतो, तर..." तो चाचरला. "तर बोलणं तिथेच संपलं असतं ना. तू गप बसलीस की मला करमत नाही, दीक्षा. आता सांगितलं. आता काय रिजेक्ट करायचं ते कर."

वरच्या रुळांवरून मेट्रो खडखडत आली. दीक्षाने वर पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या कपाळावर घाम होता, हवेत गारवा असूनही. तिने स्वतःचा रुमाल त्याच्या हातात दिला आणि हात मागे घेतलाच नाही.

"मलाही नाही करमत," ती म्हणाली. "रविवार फार मोठा वाटायला लागलाय."

मेट्रो निघून गेली. दुसरीही गेली. फोन वाजला — आई.

"कुठे आहेस गं? मेट्रो चुकली का?"

"नाही आई..." दीक्षा त्याच्याकडे बघत म्हणाली. "सोडली."

पलीकडून आई म्हणाली, "त्याला विचार, पुरणपोळी खातो का."

दीक्षाने विचारलं. तो 'हो' म्हणाला.