हाताची गॅरंटी

आमच्या उधन्यात मिक्सर, इस्त्री, शेगडी काहीही बिघडू द्या, लोक म्हणतात, लोटूभाऊला बोलवा. बावीस वर्षांत माझं एक काम परत आलेलं नाही. कागदावरची गॅरंटी मी देत नाही, हाताची देतो. शेगडीची बटणं बदलली की कॉइल तापवून दाखवायच्या, बंद करून निवू द्यायच्या, आणि मग गिऱ्हाइकासमोर प्रत्येकीवर उघडा उजवा तळहात ठेवायचा.

प्रमिलाबाई कापडाच्या लूमवर कामाला जाणाऱ्यांचे चाळीस डबे करतात, चार कॉइलच्या विजेच्या शेगडीवर. त्या शेगडीची मागची डावी कॉइल बटण बंद असतानाही मनाला येईल तेव्हा तापायची. आधी दोन कारागीर येऊन गेले होते. हे ऐकून मला तर चेवच आला.

"बटणाचे पॉइंट चिकटलेत बाई, दुसरं काय!" मी प्लग काढला, पत्रा उघडला, चारही जुनी बटणं सोडवली. वायरी मोकळ्या लोंबत होत्या. तेवढ्यात मागची डावी कॉइल लाल झाली.

प्लग माझ्या गुडघ्याशी पडला होता.

"राहू द्या भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ते दोघंबी इथूनच उठले."

उठेल तो लोटू कसला! नवी बटणं बसवली, वायर न् वायर आवळली, प्लग लावला. चारही कॉइल शहाण्यासारख्या तापल्या, बंद केल्यावर निवल्या. तिघींवर हात ठेवला. चौथीवर ठेवताना बाईंनी डोळे मिटले.

थंडगार! फक्त तळहात क्षणभर चिकटल्यासारखा वाटला.

"झालं की नाही?" मी म्हणालो. छाती अशी फुगली म्हणता!

त्याला आठ महिने झाले. ती कॉइल पुन्हा आपोआप तापलेली नाही. अख्ख्या उधन्यात मी हे सांगत फिरतो, का सांगू नये?

घरी मात्र पाण्याचा ग्लास डाव्या हातानेच उचलतो. उजव्या हातातलं पाणी मनाला येईल तेव्हा उकळतं.

गेल्या रविवारी माझी लेक कुंदन लग्न होऊन सासरी निघाली. पाया पडली आणि तशीच वाकून थांबली. परीक्षेला जातानाही माझा हात डोक्यावर पडल्याशिवाय ती कधी उठली नाही.

"पप्पा?"

"सुखी राहा, पोरी," मी दोन पावलं मागे सरून म्हणालो. उजवा हात पाठीशी लपवला होता.

तिने मान वर केली. "पप्पा, काहीतरी करपतंय."

बायका स्वयंपाकघराकडे धावल्या. मी सदऱ्याची जळकी पाठ भिंतीला टेकवून उभा राहिलो.