विठाबाईनं सावडलेलं हाड

पावणं, देहदानाचा फॉर्म भरायला आलायसा न्हवं? मॅडम जेवायला गेल्यात, तासभर तरी येत न्हाईत. बसा. फॉर्म भरू नका असं मी म्हणणार न्हाय. पोरांनी शिकायचं कशावर? पण सही करायच्या आधी एवढं ऐकून घ्या.

सव्वीस वर्षं मी या हॉलवर अटेंडंट हाय. देह टाकीत ठेवायचा, शिकणाऱ्या पोरांसाठी टेबलावर काढायचा, आणि त्यांचं झालं की नंबर बघून तुकडा न् तुकडा गोळा करून घरच्यांच्या स्वाधीन करायचा, हे माझं काम. फॉर्मालिनचा वास अंगालाच चिकटलाय. जेवताना बायको अजून ताट लांब सरकवती.

दोन वर्षांमागं गडमुडशिंगीच्या हंबीररावांचा देह आला. संगं त्यांची बायको, विठाबाई. म्हणाली, "दादा, यांची इच्छा हाय म्हणून देतोय. पण तुमचं झालं की सगळं माणूस परत द्या. मला अख्खं जाळायचं हाय." मी जोतिबाची शपथ घेऊन व्हय म्हणालो.

आता हंबीररावांच्या उजव्या दंडात एक नवल निघालं. कोपराच्या चार बोटं वर, आतल्या अंगाला, हाडाला बोरीच्या काट्यागत आकडा होता. टोक खाली कोपराकडं वळलेलं, आणि हाताची मोठी रक्तवाहिनी त्याच्याखालनं गेलेली. शंभरात एखाद्याला असतंय म्हणे. आमच्या विभागाचे प्रमुख उदयसिंह सर, त्यांना काय, लॉटरी लागल्यागत झालं. कोपर वाकवणारे दंडातले दोन्ही स्नायू त्यांनी कापून काढले, आकडा दिसावा म्हणून तिथं खिडकी ठेवली, आणि खांद्यापासनं अख्खा हात, पंजा खाली करून, काचेच्या बरणीत उभा केला. विठाबाईला विचारलं? न्हाय. कळवलं तरी? ते बी न्हाय.

मी म्हणालो, "सर, बाईला शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय, कॉलेजनं नाही. असलं हाड काय शेणी-गोवऱ्यांत जाळायला घालू?"

डोकंच फिरलं माझं. बाई भरवशानं नवरा सोपवती, आणि हे त्याचा हात ठेवून घेणार. वर तिला तोंड कुणी द्यायचं, तर मी.

दीड वर्षानं पंचगंगेच्या स्मशानात विठाबाईला देह दिला. पांढऱ्या कापडात बांधताना उजव्या हाताच्या जागी मी कापसाची गुंडाळी घातली. याच हातांनी. विठाबाईनं कापडावरनं हात फिरवला आणि थांबली.

"दादा... उजवा हात हलका लागतोय."

"वाळलाय, वैनी," मी म्हणालो. शेणी पेटल्या तवा मला वर बघवंना.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला गेलतो. कुणी बोलावलं नव्हतं, मनाला खात होतं म्हणून गेलतो. सकाळचं ऊन पडलंतं, चार नातेवाईक होते. विठाबाईनं राखेत हात घातला आणि एक लांब हाड बाहेर काढलं. दंडाचं. जळून पांढरं झालेलं, पण आकडा तसाच.

"हेच," ती हळू म्हणाली. "म्हशींच्या धारा काढून यांच्या हाताला मुंग्या आल्या, की तेल चोळून द्यायची मी. अंगठ्याला हाच काटा लागायचा." मग माझ्याकडं बघून तिनं हात जोडले. "शब्द पाळलासा, दादा."

उजव्या हाताच्या जागी तर मी कापूस घातलेला. तिथनं तडक हॉलवर आलो. भर दुपार, पोरं जेवायला गेलेली, पंखे बंद. वास रोजचाच, पण त्यात शेणीचा धूर मिसळलेला... बरणीत हात होता. पण उभा नव्हता. पिळून टाकलेल्या बाहीगत तळाला दुमडून पडलेला. झाकण बंद करायला लावलेलं मेण शाबूत, कातडीला नवी चीर न्हाय. खिडकीतनं बघितलं... आत दंडाचं हाडच नव्हतं.

सरांना बोलावून दाखवलं. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा. माणसाला वाटतं, आता तरी समजंल. तर म्हणाले, "पेटीतनं दुसरं उजव्या दंडाचं हाड घाला. परवा तपासणीला लोक येणार आहेत."

"सर, हे त्यांचं त्यांनी नेलंय..."

"कुठं बोलायचं नाही."

पेटीत बेवारस देहांची हाडं असत्यात. नाव न्हाय, गाव न्हाय. त्यातलं एक मी काढलं, आत बसवलं, तारेनं कोपराला जोडलं, झाकणाला मेण लावलं. नोकरी हाय की. पण लाज वाटली, अजून वाटती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप मीच काढलं. बरणीतला हात कोपरात वाकला होता. वाकवणारे स्नायू सरांनी कवाच कापून टाकलेले. तरी मूठ वळलेली, वर झाकणाला टेकलेली.

हंबीररावांसाठी विठाबाई तरी आली. या हाडाचं माणूस कोण, ते कुठल्याच रजिस्टरात न्हाय. त्याच्यासाठी आमच्या दारात कोण येणार? मी रोज संध्याकाळी नवं मेण लावून जातो, पावणं. आणि रोज सकाळी ते आतनं फुटलेलं असतंय.