फळ्यावरची रिकामी जागा

"काका, सुट्टीत माणसं समुद्रावर जातात, डोंगरावर जातात. आम्ही काय करतो? नट पुसतो!" बडबडी कुरकुरली.

"मग नको पुसूस. नुसतं तोंड चालव, तुझ्या वाऱ्यानंच चकाकतील ते!" विमानाच्या पोटाखालून आवाज आला. टिल्लू इतका खिदळला, की त्याच्या हातातला तेलाचा डबाच कलंडला.

पोटाखाली होते ते टिल्लूचे आणि मोठीचे बाबा. उभी हयात त्यांनी याच हवाई तळावर मेकॅनिक म्हणून काढली होती. निवृत्त झाले, पण हात स्वस्थ बसेनात. तळाच्या कुंपणालगत माजी सैनिकांसाठी स्मृतिउद्यान होत होतं. मधोमध एक चौथरा, आणि त्यावर चढवायचं एक जुनं विमान. ते दुरुस्त करायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. शाळेला सुट्टी लागली, तशी मोठी, तिचा धाकटा भाऊ टिल्लू आणि शेजारची बडबडी त्यांच्या हाताखाली आली.

संध्याकाळी शेडमध्ये आवराआवर झाली. भिंतीवर एक भलामोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली. पाना त्या आकृतीवरच टांगायचा. एखादा कमी असला, तर रिकामी जागा लांबून डोळ्यांत भरायची.

"एक पाना सापडत नसेल, तर विमान जागचं हलवायचं नाही," बाबा म्हणाले. "आत राहिलेला पाना जीव घेतो."

"पण बाबा, हे कुठे उडणार आहे?" टिल्लू म्हणाला.

"शू! हळू बोल. त्याला अजून सांगितलेलं नाही!"

शेवटचा पाना मोठीनं टांगला. फळा गच्च भरला. चौघं सायकलींवरून घरी आली. बाबांनी आमटी दोनदा मागून घेतली, कुरकुरणाऱ्या पंख्यात तेल घातलं, आणि 'फार दमलो बुवा' म्हणत आडवे झाले.

सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतर घरच दमून गेलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना तेच तेच सांगून आईचा आवाज बसला. ती चहाचं आधण ठेवायची आणि विसरायची, भांडं करपायचं. मोठी भांडं घासायची, टिल्लूला जेवायला घालायची, आणि दुपारी भिंतीला टेकून नुसती बसायची. रडायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्यात नव्हता.

शेवटी बडबडीनंच येऊन तिला उठवलं. "चल! आज विमान चौथऱ्यावर चढवणार आहेत. काकांचं विमान आहे, आणि आपण घरी?"

शेडमध्ये तोच तेलाचा वास होता. मोठीची नजर फळ्याकडे गेली आणि ती जागीच थांबली.

"आखूड पाना कुठाय?"

आखूड पान्याची पांढरी आकृती रिकामी होती!

दारात उद्यानाचा ठेकेदार घाम पुसत उभा होता. "अगं, म्हातारबुवा विसरले असतील विमानात. वय झालं की व्हायचंच असं. उद्या उद्घाटन आहे, पाना कसला शोधत बसतेस?"

मोठीची कानशिलं तापली. शेवटच्या दिवशी फळा भरलेला तिनं स्वतः पाहिला होता. आता तळावर सगळे काय म्हणणार? आयुष्यभर एक पाना इकडचा तिकडे न केलेला माणूस, जाता जाता विसरला!

"बाबा विसरले नाहीत," ती हळूच म्हणाली.

"मग कोणीतरी नंतर नेलाय!" बडबडी म्हणाली. "कशाला नेला असेल?"

तिघं विमानाभोवती फिरली. टिल्लू पुढच्या चाकापाशी वाकला. चाक पोटात मिटून जातं, तिथल्या पोकळीत त्यानं मान घातली. "ताई, इथे दिवा आहे! हा आपल्या वेळी नव्हता!"

"शोभेचा दिसतोय. वायरमननं बसवला असणार," मोठी म्हणाली.

बडबडी धावत जाऊन दोन पाने घेऊन आली. एक दिव्याच्या नटवर सैल बसला. दुसरा बसलाच नाही.

"मग याला बसतो कुठला?"

"जो फळ्यावर नाही तो!" तिघं एकदम ओरडली.

टिल्लूनं आत हात घातला, पण पोकळी खोल होती. तेवढ्यात कोणीतरी त्याची गचांडी धरून त्याला मागे ओढलं. क्रेनचे पट्टे ताणले जात होते. "ए पोरांनो, पळा इथून!" ठेकेदार खेकसला. मोठी काही सांगायला गेली, पण तो फोनवर बोलत पाठमोरा झाला. वायर धरून वायरमन नेमका विमानाच्या नाकाखाली उभा होता.

मोठी शेडकडे धावली आणि लाल पट्टी घेऊन आली. बाबांच्या तळावर हा नियमच होता. विमानाला लाल पट्टी असेपर्यंत कोणी ते हलवायचं नाही. तिनं ती पुढच्या चाकाला करकचून बांधली.

"ठेकेदाराला काय कळतंय त्यातलं!" बडबडी म्हणाली.

"त्याच्यासाठी नाही बांधली," मोठीनं फाटकाकडे बोट केलं. तळाच्या प्रमुखांची जीप आत शिरत होती.

साहेबांची नजर चाकाकडे गेली मात्र, जीप थांबायच्या आतच ते खाली उतरले. "थांबवा! क्रेन थांबवा! पट्टी कोणी बांधली?"

"मी," मोठी म्हणाली. "पाना सापडत नाहीये."

साहेबांनी पुढे एक शब्द विचारला नाही. सगळ्यांना मागे सरकवलं, आणि टिल्लूचा बारीक हात बघून त्यालाच उचलून धरलं. टिल्लूनं खांद्यापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली.

"आला!"

आखूड पाना! दिव्यामागच्या कडेवर तो आडवा पडला होता.

वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच घेतला होता, साहेब. परत टांगायचा राहिला."

"नाक वर गेलं असतं, तर तुमच्याच डोक्यात पडला असता," साहेब म्हणाले. "आणि हे म्हणत होते, काकाच विसरले!" बडबडी म्हणाली. साहेब ठेकेदाराकडे वळले. "आणि तुम्ही कोणाचं नाव घेत होतात?" ठेकेदार फोन कानाला लावत बाजूला सटकला. साहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "या तळावर माझ्या पाहण्यात इतकी चोख तपासणी कोणी केलेली नाही!"

क्रेनवाले काका खाली उतरून आले. ते बाहेरगावचे, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "शाब्बास गं पोरी! अशी लेक वाढवणारा बाप बघायचाय मला. बोलव की बाबांना!"

 बडबडीनं मोठीचा हात धरला. साहेब घसा खाकरून काही बोलणार, तोच मोठीनं मान हलवून त्यांना थांबवलं. इतके दिवस ते वाक्य आई म्हणाली होती, शेजारी म्हणाले होते, फोनवरची माणसं म्हणाली होती. तिनं ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. ती फार दमली होती.

"माझे बाबा गेले, काका," ती म्हणाली.