तिसरी तक्रार

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत योगिनीच्या मांडीवर एक स्पीकर होता. शेजारच्या तरुणाने न विचारताच त्यावर बोटाने टकटक केलं आणि कान लावला... कलिंगड निवडावं तसा.

"पिकलाय का?" तिने विचारलं.

तो गोरामोरा झाला. "सॉरी... सवय आहे. मुरबाडला स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात असतो मी. मितेश."

"मग सांगा, यातून पखवाजाचा घुमारा का येत नाही? शहापूरला दाखवला, ते म्हणाले चांगला आहे. घरी मात्र जोडीच्या स्पीकरबरोबर लावला की पत्र्याचा डबा वाजतो."

"घरी येऊन दोन्ही स्पीकर बघावे लागतील." आणि मग घाईने, "म्हणजे... कामासाठीच!"

ती खिडकीकडे वळून हसली.

दुसऱ्या दिवशी तो आला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवरचे स्पीकर उतरवून भिंतीलगत खाली ठेवले. मग मागच्या वायरी तिला दाखवल्या. "एकाची तांबडी आणि काळी उलट लागली होती. दोन्ही वाजतात, पण एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बास, म्हणजे घुमारा, हवेतच मरतो." वायर बसवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... कुणीच ती लगेच काढली नाहीत.

तिचे वडील सावळाराम, म्हणजे आबा, भजनी मंडळाचे पखवाजी. खोलीत घुमारा भरला तसे ते डोळे मिटून बसले.

चार दिवसांनी योगिनीने हळूच स्पीकर फिरवला आणि तांबडी वायर काळीच्या जागी लावली.

दुकानात तक्रार गेली. मितेश आला. "माझ्याच हातून चुकलं असेल," म्हणाला, आणि वालाच्या शेंगा सोलणाऱ्या योगिनीशी तासभर बोलत बसला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आणि काल तिसऱ्यांदा तिने वायर उलटी केली.

पण आज सकाळी आबांनी सांगितलं, संध्याकाळी मंडळ घरी येणार. त्यांचे गुरू धाऊबुवा जाऊन वर्ष झालं होतं. सगळ्यांना त्यांच्या पखवाजाचं रेकॉर्डिंग ऐकायचं होतं. आबांनी ते लावून पाहिलं, आणि तडक दुकानात फोन केला. मग सेटसमोरून ते हललेच नाहीत. वायर सरळ करायची सोय उरली नाही.

दुपारी मितेश उतरलेल्या चेहऱ्याने दारात आला. चपला काढताना हळूच योगिनीला म्हणाला, "शेठ बोललेत... तिसरी तक्रार खरी निघाली तर सोमवारपासून येऊ नकोस."

योगिनीने त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"काय रे," आबा कडाडले, "तीनदा नीट केलंस, तीनदा बिघडलं. बुवांचा हात असा वाजायचा? तुला काम येत नाय, का आमचे कान गेले?"

मितेशने वाकून स्पीकरच्या मागे पाहिलं. मग वर पाहिलं... थेट तिच्याकडे. क्षणभरच.

"चूक माझीच आहे, काका."

"तुझ्या शेठलाच सांगतो आता." आबांनी मोबाइल लावून समोर ठेवला. रिंग वाजू लागली.

योगिनीने मोबाइलकडे पाहिलं. बोललं तर आबांसमोर सगळं उघडं. नाही बोललं तर...

"आबा — वायर मी फिरवली."

"काय?"

"तिन्ही वेळा. मीच."

"कशाला गो?"

"हा यावा म्हणून."

रिंग वाजतच होती. आबा सावकाश मितेशकडे वळले. "तुला म्हायत होतं?"

"पहिल्याच वेळी कळलं."

"मग बोलला का नायस?"

"बोललो असतो तर... पुन्हा बोलावलं नसतं ना, काका."

"हॅलो!" शेठचा आवाज आला. "सावळाराम, परत घोळ घातला का पोराने?"

आबांनी आधी योगिनीकडे पाहिलं, मग मितेशकडे. मितेशची नजर जमिनीला खिळलेली.

"हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय," आबा म्हणाले. "पोराचं काम चोख हाय, शेठ. बिघाड आमच्याच घरातला होता." ते थांबले, खाकरले. "रविवारी त्याला इकडं धाडा. आणि त्याच्या आईबापाला संगती घेऊन ये म्हणावं."

फोन बंद झाला. दोघंही जागच्या जागी उभी.

"बघतोस काय? वायर लाव, मंडळी येतील," आबा म्हणाले. "आणि तू गो, त्या स्पीकरपासून लांब बस!"